ओटिलीताईच्या ट्रॅक्टरची बॅटरी

लिंडा क्रीक, नेब्रास्का
४ मे १९७८

चि. लुमीर यास,
अ. आ. वि. वि.

मार्चच्या लिलावात तू पारखून दिलेला बागेचा ट्रॅक्टर मला शेजाऱ्यांसमोर तोंडघशी पाडतो आहे. पहिले काही दिवस शहाण्यासारखा चालला. आता चार्जर लावून बॅटरी भरली की दोन दिवस गवत कापतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा ठणठणगोपाळ. किल्ली फिरवली की नुसतं टक् करतो आणि गप्प.

तुझ्या भाच्याची, डेनिसची अट तुला ठाऊक आहे. २८ तारखेच्या रविवारी तो वडिलांच्या थडग्यावर फुलं वाहायला येईल. तोवर तीन एकर मी एकटीने आवाक्यात ठेवलेले दिसले तर घर राहील. नाहीतर लिंकनमधल्या फ्लॅटच्या कागदांवर सही. त्या फ्लॅटला गॅलरी आहे आणि तिथे दोन कुंड्या चालतात म्हणे. सत्तर वर्षांची बाई दोन कुंड्यांत कशी मावणार ते त्यालाच विचार.

बाकी क्षेम. फाटक रंगवलं, हात अजून टर्पेंटाइनने पुसते आहे. आपले खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, केले होते, तुझ्या वाटणीचे शेजारच्या मिल्डाने खाल्ले.

माया गवतासारखी वाढो, बॅटरीसारखी उतरू नये.
तुझी ताई,
ओटिली

ओमाहा
८ मे १९७८

ती. ओटिलीताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या ट्रॅक्टरला नावं ठेवू नकोस. हिरव्या कंपनीच्या ट्रॅक्टरांच्या दुकानात तीस वर्षं हात काळे केलेत मी. लिलावात स्वतः चालवून पाहिला, मीटरचा काटा चार्जिंगकडेच होता. बिघाड झाला तो तुझ्या घरी आल्यावर. व्हेन्सलभाऊजी जन्मभर लाल कंपनीच्या ट्रॅक्टरचे भक्त, फाटकातून कधी हिरवा आत येऊ दिला नाही. तेच वरून काड्या घालत असतील.

आता ऐक. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू आणि तारा घट्ट आवळ. मग इंजिन चालू करून दिवे लाव आणि वेग वाढव. दिवे उजळले तर चार्जिंग आहे. तसेच राहिले तर नाही. वायरी दिसतील असा एक फोटोही पाठव.

स्वतः आलो असतो, पण गुडघा आणि मुलगी, दोघंही सोडत नाहीत. तिने मला या चौथ्या मजल्यावर आणून बसवल्याला दोन वर्षं झाली. खिडकीतून इतरांच्या गाड्यांची टपं दिसतात. तेव्हा सही करण्याआधी मला विचार.

आशीर्वाद आणि कोलाचे, दोन्ही पोचते व्हावेत.
तुझा,
लुमीर

लिंडा क्रीक
१२ मे १९७८

चि. लुमीर यास,
अ. आ. वि. वि.

सोड्याचं पाणी कॉफीच्या किटलीतून ओतलं. मिल्डा म्हणाली की आता त्याला साखरही विचार. तारा आवळल्या. दिवे मात्र इंजिन कितीही ओरडलं तरी मिणमिणतेच राहिले. गावातल्या बॅटरीवाल्याने बॅटरी तपासली, तिच्यात काही खोट नाही म्हणाला.

कॅमेऱ्यात फिल्म नाही, म्हणून फोटो नाही. तसं पाहण्यासारखं काही नाहीच, ट्रॅक्टरसारखा ट्रॅक्टर. सोळा दिवस उरले आणि गवत घोट्यावर आलंय. मला खरंच भीती वाटू लागली आहे.

रागावू नये, लवकर लिहावे.
ताई

ओमाहा
१६ मे १९७८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणजे वीज तयार होत असली तरी बॅटरीपर्यंत पोचत नाही. झाकणाखाली तळहाताएवढी, पन्हळीदार ॲल्युमिनियमची डबी पत्र्यावर बोल्टने बसवलेली आहे. तो रेग्युलेटर, बॅटरीत जाणारी वीज तोच सांभाळतो. त्याला वेगळी अर्थिंगची तार नसते, त्याचं अंगच पत्र्याला टेकलेलं असावं लागतं, धातूला धातू. मध्ये गंज आला की संपलं. आधी बॅटरीची तार सोड, मग डबी काढ आणि खाली काय दिसतं ते जसंच्या तसं लिही.

कॅमेऱ्याची फिल्म सोबत पाठवतो आहे.

लोभ आहे, संशयही आहे.
लुमीर

लिंडा क्रीक
२० मे १९७८

चि. लुमीर यास,
अ. आ. वि. वि.

चोराच्या मनात चांदणं, म्हणून लिहूनच टाकते. डबीखाली लाल दिसलं. गंज नव्हे, रंग. मीच दिलेले दोन हात.

काय करू सांग. व्हेन्सलांचा लाल ट्रॅक्टर उभा असायचा तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवं काहीतरी दिसायचं आणि कॉफी घशाखाली उतरायची नाही. कोठारात त्यांचा लाल रंगाचा डबा उरला होता. अर्धवट रंगवणं म्हणजे आळस असं ते म्हणायचे, म्हणून मी एकेक बोल्ट काढून खालून-वरून रंगवलं. फाटक अजून विटकंच आहे.

तुला कळलं तर बोलायचा थांबशील असं वाटलं. चिडायचं असेल तर २८ नंतर चीड, आधी उपाय सांग.

तुझी अपराधी ताई

ओमाहा
२३ मे १९७८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताकाला जाऊन भांडं लपवलंस. मी दीड तास चिडलो होतो. मग लिफ्टमध्ये एकदम हसू फुटलं आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई घाबरून उतरली.

रंगातून वीज जात नाही. डबीखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास. बॅटरीची काळी तार सांगाड्याला जिथे बसते तिथेही घास. मग सगळं घट्ट आवळ. बाकीचा लाल रंग राहू दे. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले.

रविवारचं कळवावे, वाट पाहतो आहे.
लुमीर

लिंडा क्रीक
२९ मे १९७८

चि. लुमीर यास,
अ. आ. वि. वि.

घासलं, आवळलं, किल्ली फिरवली, आणि काटा चार्जिंगकडे गेला. मी एकटीच अंगणात नाचले. मिल्डाने पाहिलं, पाहू दे. चार दिवस बसून कापत होते.

डेनिस काल आला. वडिलांच्या रंगाचा ट्रॅक्टर पाहून त्याच्या झाकणावरून हात फिरवला. मग चर्चच्या विजारीनिशी वर बसला आणि कोठाराला तीन फेऱ्या मारून आला. कागद गाडीतून बाहेर काढलेच नाहीत त्याने. घर राहिलं, लुमीर.

ओढ्याकाठचा अर्धा एकर तेवढा उरला होता. तो त्याने बरोबर हेरला. मी सांगितलं की तो मामासाठी ठेवलाय. त्यावर तो म्हणाला की शनिवारी ओमाहाहून मीच मामाला आणतो. मी तुझ्या मुलीला फोन केला, ती आधी नाही म्हणाली, मग रडली, मग हो म्हणाली. गुडघ्याचं कारण चालणार नाही, काम बसूनच करायचं आहे. खालची खोली तुझ्यासाठी झाडली आहे, जिना चढायचा नाही.

माझी माया तुला कधी कमी पडू नये.
तुझी ताई,
ओटिली

ता. क. हिवाळ्याचे कपडेही घेऊन ये.