दोन सेलचा टॉर्च

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? सूनबाई वेळेवर औषध देते ना, की तुम्हीच उशीखाली गोळ्या लपवता? मी ठणठणीत आहे. म्हणजे कंबर सोडली तर. रविवारी फोनवर बोललो खरं, पण तुमच्याकडे मागे भांडी वाजत असतात आणि तुम्ही निम्म्याला नुसतं "हं, हं" करता. म्हणून पत्र. पत्रात मधे बोलता येत नाही कुणाला!

बातमी अशी की ह्यांचा टॉर्च बंद पडला. तोच हो, तुमचे दादा मीटरचे आकडे घ्यायला घरोघरचे जिने चढायचे तेव्हाचा. पितळी, कडेला पोचा आलेला. त्याचा बल्ब गेला आणि तसला बल्ब आता कुठेच मिळत नाही. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकवाला म्हणाला, "आजी, भंगारात टाका आता. चार्जिंगचा नवा देतो, एकदम स्वस्त." मी म्हटलं, "तुझ्या अख्ख्या नव्या टॉर्चपेक्षा ह्याचं झाकण जड आहे. तू बल्बाचं बोल."

तर जुन्या टॉर्चमध्ये बसणारे एलईडी बल्ब निघालेत. त्याने तीन काढून ठेवले. सगळ्यात स्वस्त होता त्यावर मी झडप घातली, तर तोच म्हणाला, "तो चार सेलच्या टॉर्चचा. तुमच्या दोन सेलवर नुसता मिणमिणेल." माणूस प्रामाणिक आहे, फक्त तोंडाने आगाऊ. राहिले दोन, किमतीला सारखेच. एक पिवळा, अगदी आपल्या जुन्या बल्बासारखा दिसणारा, पण उजेड जवळच्या जवळ. दुसरा पांढराफटक, झोत लांब जाणारा. दुकानामागच्या अंधाऱ्या बोळात नेऊन त्याने दोन्ही लावून दाखवले. म्हणाला, "घरात वापरायला पिवळाच घ्या, डोळ्यांना टोचत नाही. लांबचं काय बघायचंय तुम्हाला?"

मी म्हटलं, "दिवे जातात आमच्याकडे." आणि पांढरा घेतला.

घरी येऊन बसवला, सेल घातले, बटण दाबलं. ढिम्म! माझं डोकंच फिरलं. तशीच चप्पल घालून दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं. म्हातारी बघून गळ्यात मारतोस होय रे, इथपासून सुरुवात केली. तो आपला शांत. टॉर्च उघडला, सेल उलटे केले, झाकण लावलं. लख्ख! म्हणाला, "आजी, सेल उलटे होते. जुन्या बल्बाला कसेही घातले तरी चालतं, ह्याला चालत नाही."

वन्सं, मला हसू आवरेना. सेलची टोकं मागे, हे तुमच्या दादांनीच शिकवलं होतं ना? मी एकदा टोकं पुढे करून घातले तर केवढे चिडले होते! "तुला यंत्रातलं काही कळत नाही." जन्मभर उलटे सेल घालून हिंडला हा माणूस, आणि आपण दोघी मान डोलवत राहिलो. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली तरी घरी येऊन त्यांच्या फोटोसमोर टॉर्च धरून सांगितलं, बघा, कुणाला कळत नव्हतं ते. मग जरा वेळ तिथेच बसले. हे सांगायला आणखी कुणी नव्हतं. तुम्ही समोर असतात तर हसून हसून आपल्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

दिवे जातात वगैरे थाप होती. दिवे काही जात नाहीत. खरं सांगायचं तर मी अजून रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून टॉर्च दोनदा लुकलुकवते. हे गेल्यावर तुम्हीच लावून दिलंत ते. "वहिनी, दोनदा लुकलुकवा. म्हणजे जेवले, दार लावलं. मग मी समोरच्या माझ्या खिडकीतून दिवा दोनदा मिचकावीन आणि दोघी झोपू." एकदा मी फोनवर बोलत बसले आणि विसरले, तर तुम्ही पाण्याच्या टाकीला वळसा घालून, कणकेच्या हातांनी धापा टाकत आलात आणि दारातच मला शिव्या दिल्यात. तेवढ्या मायेने मला कुणी शिव्या दिल्या नाहीत, वन्सं.

तुम्ही पंधरा दिवसांसाठी म्हणून गुंडूकडे गेलात. त्यानंतरही मी लुकलुकवत राहिले. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी एकदा विचारलंसुद्धा, "आजी, समोर कुणाला खुणावता?" म्हटलं, तुम्हाला कशाला चौकशा? सवय आहे, दुसरं काय. आणि तुम्ही आलात त्या दिवशी इकडून उजेड दिसायला नको का?

असो. आता नव्या बल्बाने खिडकीतून लुकलुकवून बघते. पत्र उद्या टाकते.

शुक्रवार

पत्र टाकलं नाही. तीन दिवस टेबलावर पडून होतं.

मंगळवारी अंधार पडल्यावर खिडकीतून बटण दाबलं. जुना बल्ब कसा, तुम्हाला इकडे एक पिवळा ठिपका दिसायचा, एवढंच. हा झोत टाकी ओलांडून थेट तुमच्या खिडकीतून आत गेला. दिवसा तुमच्या काचेत टाकीच दिसते, आतलं काही कळत नाही. मंगळवारी कळलं. मी शिवलेला पडदा नाही. खाट नाही. कपाट होतं तिथे भिंतीवर कोरा पट्टा. तुमच्या दादांचा फोटो होता तिथे नुसता खिळा.

मी लुकलुकवायचं विसरले. बटण दाबून तशीच उभी राहिले.

मग एकेक आठवत गेलं. मागच्या महिन्यात गुंडू आला होता. "मामी, आईच्या खोलीतला नळ गळतोय, तेवढा बघायला आलोय." माझ्याकडे चहा प्यायला, डोळे वर न करता. जाताना कपडे वाळत घालायची दोरी मागितली, जुन्या चादरी मागितल्या. मी खुशाल काढून दिल्या, वर चांगली घट्ट दोरी बघून दिली. नळाला दोरी कशाला लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमचं घर मीच बांधून दिलं की हो, वन्सं!

आणि तुम्ही दर रविवारी, "अजून पंधरा दिवस, वहिनी."

मला राग आलाय. खोटं कशाला बोलू? तुमचा गुडघा, ते तीन जिने, सगळं मला समजतं. लेकाकडे राहिलात तर मी नको म्हणणार नव्हते. पण मला सांगायला हवं होतं. मी येऊन तुमची भांडी कागदात गुंडाळली असती, रडले असते, भांडले असते. एवढा तरी हक्क होता माझा. तुम्हालाही सांगताना जीभ रेटली नसेल, हे कळतंय. म्हणून तर फोनवर नुसतं "हं, हं" आणि मागे भांडी वाजत होती म्हणायचं.

ह्याचं उत्तर फोनवर देऊ नका. लिहून पाठवा. आणि "पंधरा दिवस" हा शब्द त्यात नको. तुमच्याशिवाय मला करमत नाही, हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

आज सकाळी इलेक्ट्रिकवाल्याकडे जाऊन बल्ब बदलून आणला. पिवळा घेतला. तो म्हणाला, "आजी, ह्याचा उजेड लांब नाही जाणार हं, नंतर तक्रार नको." म्हटलं, "नाही करत. लांब कुणी राहत नाही आता."

जेवले. दार लावलं.

तुमची,
वहिनी