बंद घराच्या शेजारी

बारामती, ४ जानेवारी २०२५

चि. अविराजास आत्याचे आशीर्वाद.

पत्र लिहिते, कारण फोनवर तू "व्हय आत्या" म्हणून सुटतोस. तुम्ही केलेल्या किडनीच्या आजाराच्या पाहणीचा अहवाल वाचला. म्हणे अंथुर्ण्यात डायलिसिसवर कुणीच नाही, सबब केंद्राची गरज नाही. मग माझी धाकटी बहीण लीला आठवड्यातून तीनदा पहाटे निघून इथे काय बाजाराला येते? मी तिला दवाखान्यात डबा नेते, तो कुणाला? कॉन्व्हेंटमध्ये हजेरी न घेता वर्ग भरला म्हणणाऱ्याला सिस्टर दिवसभर बाकावर उभं करत.

खुलासा येईपर्यंत लोभ राखून ठेवला आहे.
राजनंदिनी

भवानीनगर, ९ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

यादीतलं दर दहावं घर घ्यायचं होतं. लीलाआत्याचं घर त्यात निघालं होतं. घरोघर फॉर्म भरणारी आमची स्वप्नाली सोमवारी गेली तर कुलूप. बंद असेल तर शेजारचं घर घ्या, ही सूट मीच दिली होती. शेजारी गोजरबाई दारात मेथी निवडत होत्या. त्यांच्याकडे सगळे ठणठणीत. लीलाआत्याचं मला ठाऊक होतं. पण ओळखीची माणसं हाताने भरली, तर ती पाहणी कसली?

रागावलात तरी पत्र पाठवत जा.
अविराज

बारामती, १२ जानेवारी

चि. अविराजास आशीर्वाद.

ओळखीने भरू नकोस, हे बरोबर. पण कुलूप का आहे, हे कुणी विचारलं? आजारी माणूस दवाखान्यात असतो, धडधाकट दारात मेथी निवडतो. तू एकेक आजारी काढून तिथे निरोगी बसवलास. सगळी बंद घरं पुन्हा काढ. संध्याकाळी जा, रविवारी जा, तीनदा जा.

लीला परवा म्हणाली, "अक्का, गावात केंद्र झालं तर दुपारचं घरी जेवीन." तिचं मागणं एवढंच.

लोभाचं काम झाल्यावर बघू.
राजनंदिनी

भवानीनगर, ३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बावीस बंद घरं पुन्हा केली. पाच जण डायलिसिसवर निघाले. दुरुस्त अहवाल जातोय, केंद्राचा विचार आता करावाच लागेल.

लीलाआत्याचं घर शेवटी ठेवलं होतं. त्यांचा तेरावा झाला, म्हणून काल स्वप्नालीला पाठवलं. मी गेलो नाही. दार उघडं होतं. घरात माणसं किती, असं तिने विचारलं. लीलाआत्याचे यजमान रामहरीमामा म्हणाले, "लिव्हा, एक. धडधाकट हाय." फॉर्मवर हयात माणसांचाच रकाना आहे. तो कागद तसाच ठेवलाय. काय लिहू?

आपला,
अविराज

बारामती, ५ फेब्रुवारी

चि. अविराजास आशीर्वाद.

मामा म्हणाले तेच लिही. एक, धडधाकट. आपल्या माणसासाठी रकाना वाढवायचा नाही.

आज बुधवार, सवयीने डबा भरला. भरलाच आहे म्हणून घेऊन गेले. लीलाच्या खाटेवर दुसरी बाई होती, अंथुर्ण्याचीच. सांगत होती, पहिल्यांदा आमचं घर बंद बघून गेले, मग संध्याकाळी एक पोरगी येऊन सगळं लिहून घेऊन गेली. डबा तिला दिला. भाजी मेथीची होती. चांगली झाली म्हणाली.

तुझ्यावर दोन आत्यांचा लोभ होता. आता तो माझ्या एकटीकडे आहे. येऊन जा.
राजनंदिनी