पेटीवरची ड्युटी

आत्या,

आज मेट्रनबाई म्हणाल्या, "सोमवारपासून तू पेटीवर." कमी वजनाची बाळं ठेवतात ती काचेची पेटी. मला तीच ड्युटी हवी व्हती, हे मी फक्त तुला बोलले व्हते. तेव्हा तूच म्हणालीस, "वर्षभर जनरल वॉर्ड कर, हात बसू दे, मग माग." तू तीस वर्षं सिस्टर व्हतीस, म्हणून ऐकलं.

माझे तर पाचच महिने झालेत. मग मागितलं कुणी? मेट्रनबाई तुझ्याच बॅचच्या ना?

वर त्या हसून म्हणाल्या, "तिथं नव्या पोरींना रात्रपाळी न्हाई. पावण्यांनाबी बरं." कुठले पावणे, आत्या? मला बघायला येणारे? घरी डिंगोऱ्याला फोन केला, तर आई एकदम टोमॅटोच्या भावावर गेली.

काल एका आजोबांची शीर मला तिसऱ्या टोचणीला सापडली. बाळाची शीर तर दोऱ्याएवढी. पावण्यांसाठी मी बाळाला तीनदा टोचू?

मी मेट्रनबाईंना नको म्हणून सांगून आले. सात महिन्यांनी स्वतः मागेन. पेटी बाळांसाठी असते, मला तिच्यात ठेवू नका.

हे पत्र टाकत न्हाई. रविवारी तू 'सहज' येणारेस म्हणे. कुणाला घेऊन येतेस ते बघते, मग हातातच देते.

तुझीच भाची,
संस्कृती