एका कुटुंबाचा एकच चेक

रोदेल दादा,

"एक कुटुंब, एक चेक! वेगवेगळे चेक परके लोक लिहितात," असं तूच गरजला होतास ना? वकीलबाई चार चेक लिहा म्हणत होत्या, तर त्यांनाच वेड्यात काढलंस! नवऱ्याच्या अर्जाची फी जुन्या दराने भरली गेली आणि त्या एका चेकपायी आम्हा चौघांचेही ग्रीन कार्डाचे अर्ज परत आले. तेवढ्यात माझी मारिसेल एकवीस वर्षांची झाली. एकवीस पूर्ण झालेलं मूल आई-बापाच्या अर्जात धरत नाहीत, म्हणून आता ती आमच्या अर्जात बसत नाही. तिला एकटीला मनिलाला परतावं लागेल. आणि तू तिच्या त्याच वाढदिवसाला आपल्या रिवाजाप्रमाणे दीर्घायुष्याच्या शेवया पाठवतोस? कचऱ्यात टाकल्या मी.

तिने विचारलं, "आई, चेक कोणी लिहिला?" मी तुझं नाव सांगितलं.

पण चेकवर सही माझी होती. म्हणून हे पत्र पोस्टात टाकवत नाही.

तुझ्या हो ला हो म्हणणारी,
लिगाया