सतरा नंबरचा शिक्का

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा व्यवसाय शिवणकाम व माल-तपासणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही भिडेला न पडता लिहून ठेवत आहे. याआधी मी असे काही लिहिलेले नाही. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलाने मला डॉक्टरांकडे नेले ते याच्यासाठी नव्हे. आईला भ्रम होऊ लागला आहे का, हे त्याला बघायचे होते. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी दोनवर आले तेव्हा तेच म्हणाले, "पुरे हो आजी." दाखला असा मिळाला, तो इथे कामी आला.

कलम १. बँकेतील माझी सर्व ठेव माझ्या नातीला द्यावी. ती सहा वर्षांची आहे. झोपेतही बडबडते म्हणून घरात आम्ही तिला टिटवी म्हणतो. अट एकच, की त्यातला पहिला खर्च तिला पोहायला शिकवण्यावर व्हावा.

अटीचे कारण लिहिते. यंदा मुलाने व सुनेने पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून क्रूझला जायचे ठरवले. कंपनी महागडी, पण लहान मुलांसाठी नावाजलेली. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिची माहितीपुस्तिका उघडली जाई. मुलांचा वेगळा क्लब, घसरगुंड्यांचा तलाव, भिंतीतून ओढून काढायचा वरचा पलंग. सुनेने फ्रिजवर यादी लावली: उलटीच्या गोळ्या, पोहण्याचे कपडे, कप्तानाबरोबरच्या जेवणासाठी एक बरा ड्रेस. टिटवीने त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरात 'आजी' असे लिहिले. न्यायच्या सामानात आजीही हवी, असा त्याचा अर्थ.

अकराव्या पानावर पाच मुलांचा फोटो होता. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, छातीवर कंपनीचा निळा देवमासा. या देवमाशाचे शेपूट उजवीकडे होते. कंपनीच्या बाकी सगळ्या चित्रांत ते डावीकडे असते. बारा वर्षांपूर्वी मी काम करत होते त्या कारखान्यात ही जॅकेटे शिवली गेली. तेव्हा कटिंग मास्तरने साचा उलटा ठेवला, आणि एकाच खेपेवर देवमासा असा बसला. सहाशे बारा नग, सगळे लहान मापाचे. मी पुस्तिका मिटली आणि भाजी निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी कंपनीला फोन केला. पलीकडचा तरुण गोड बोलणारा होता.

"मॅडम, निश्चिंत राहा. दरवर्षी प्रत्येक जॅकेट तपासतो आम्ही. शिवण, पट्टा, शिट्टी, सगळं."

"पाण्यात टाकून बघता का?"

"त्याची गरज नसते, मॅडम. कारखान्याच्या तपासनिसाचा शिक्का असतो ना आत."

"कितव्या नंबरचा?"

त्याला गंमत वाटली असावी. कार्यालयात दाखवायला एक जॅकेट टांगलेले होते, ते उलटून बघून आला आणि म्हणाला, "सतरा."

त्या खेपेला सतरा नंबरचा शिक्का माझ्या हातात होता.

कलम २. माझे शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या व दोऱ्यांचा डबा आमच्या कारखान्यातील जुन्या तपासनीस बाईंना द्यावा. सध्या त्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून बॅगांच्या चेन बदलून देतात. हे बक्षीस समजू नये. तपासणीच्या टेबलावर आधी त्या बसायच्या, सतरा नंबरचा शिक्काही त्यांचाच. त्या खेपेत मालकाने पाणी न पिणाऱ्या फोमऐवजी गादीचा स्पंज भरला होता. बाईंनी नेहमीप्रमाणे जॅकेटला वजन बांधून टाकीत सोडले. ते चोवीस तास तरंगायला हवे. चहाच्या सुट्टीआधीच ते तळाला गेले. बाईंनी शिक्का टेबलावर ठेवला आणि "मी नाही मारायची" एवढेच म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांना घरी पाठवले.

मालक म्हणजे माझा सख्खा धाकटा दीर. माझे यजमान आदल्या वर्षी गेले होते आणि माझ्या मुलाचे शिक्षण दिराच्या जिवावर चालले होते. त्याने शिक्का माझ्या हातात दिला. "वहिनी, हा माल हॉटेलच्या तलावावर जाणार आहे, गुडघाभर पाण्यात. नाही गेला तर चाळीस बायकांच्या चुली विझतील." मला ते खरे वाटले नाही. खरे मानणे सोयीचे होते. मी सहाशे अकरा शिक्के मारले. एक नग पिशवीत घालून घरी आणला आणि माळ्यावर टाकला. का आणला, ते तेव्हाही कळले नव्हते.

त्यानंतर त्या जॅकेटांची कोणाला गरज पडली की नाही, मला माहीत नाही. बारा वर्षे मी वर्तमानपत्रातले जहाजाबोटींचे पान न वाचताच उलटत आले आहे.

कलम ३. राहते घर, म्हणजे तीन खोल्या व मागचे अंगण, सून व मुलगा यांच्या नावे अर्धे अर्धे करावे. कागदावर सुनेचे नाव आधी घालावे. मुलाने यात अपमान मानू नये. मी सगळे सांगितले तेव्हा त्याने काकाला फोन लावला. काका म्हणाला, "तुझ्या आईचं वय झालंय रे, मनावर घेऊ नकोस." मग डॉक्टर झाले. दाखला हातात आल्यावरही तो म्हणाला, "आई, तिकिटं काढून झालीत. टिटवी रोज दिवस मोजतेय. आता हे काय नवीन काढलंस?"

सून मात्र स्टुलावर चढली आणि माळ्यावरचे जॅकेट काढून घेऊन आली. अंगणातले पिंप आम्ही दोघींनी भरले. जॅकेटला दोन किलोचे वजन बांधून सोडले, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पहिला तास ते छान तरंगले. मुलगा दारातून बघून हसला. सून पाटावर बसून राहिली, जेवायलाही उठली नाही. दीड वाजता ते कलंडले. दोनला देवमासा पाण्याखाली गेला. मग बुडबुडे आले, बराच वेळ येत राहिले, आणि वजन पिंपाच्या तळाला टेकल्याचा आवाज घरातही ऐकू गेला.

"टिटवीचं वजन याच्या दसपट आहे," सून म्हणाली. मला माहीत होते की पाण्यात माणसाचे वजन तसे मोजत नाहीत. मी दुरुस्ती केली नाही.

मुलगा बाहेर आला. पिंपात वाकून बघितले. "आई, तू शिक्का मारलास?"

"मारला."

तिसऱ्या दिवशी त्याने तिकिटे रद्द केली. टिटवीने यादीतले माझे नाव खोडून टाकले. तिला आत्ता काही सांगू नये. दहा वर्षांची झाली की सगळे सांगावे, मी मारलेल्या शिक्क्यांसकट.

कलम ४. ते जॅकेट कोणी धुऊ नये, उन्हात टाकू नये. ते बंदराच्या तपासणी अधिकाऱ्यांच्या हाती पोचवावे. आमची चार माणसे गेली नाहीत म्हणून जहाज रिकामे जात नाही. शनिवारी ते सुटणार, आणि त्यावर नऊशे मुले आहेत. मी कंपनीला तीन पत्रे लिहिली. उत्तर एकच आले: गैरसोयीबद्दल दिलगिरी, पुढच्या खेपेस आपल्या कुटुंबाला समुद्राकडे खिडकी असलेली खोली विनामूल्य. अधिकाऱ्यांनी मात्र मला शुक्रवारी सकाळी अकराला जबानीसाठी बोलावले आहे. तिथे मी माझा गुन्हा आधी सांगणार आहे, दिराचा नंतर. काही कारणाने मी पोचले नाही, तर हा कागद सुनेने तिथे वाचून दाखवावा. मुलाचा आवाज भरून येतो, त्याने वाचू नये.

कलम ५. दिराला काहीही देऊ नये. माझ्या मयताला त्याला दाराच्या आत घेऊ नये.

रविवारी तो आला होता. पाया पडला. टिटवीसाठी चॉकलेट आणले होते, ते सुनेने परत त्याच्या खिशात घातले. जाताना चपला घालत, अगदी मायेने म्हणाला, "वहिनी, जपा हो. या वयात माणूस जिन्यावरून घसरतं आणि दोन दिवस कुणाला पत्ता लागत नाही." तेव्हापासून समोरच्या फुटपाथवर एक माणूस असतो. छत्री दुरुस्त करणाऱ्यासारखा बसतो, पण तीन दिवसांत त्याने एकही छत्री हातात घेतलेली नाही.

म्हणून नोंदवून ठेवते. या घराला जिना नाही. बँकेत, बाजारात, डॉक्टरांकडे, मी जाते त्या कोणत्याही ठिकाणी मला जिना चढावा लागत नाही. बंदराचे कार्यालयही तळमजल्यावर आहे, मी फोन करून विचारून घेतले. मी जिन्यावरून पडले असे कोणी सांगितले, तर त्याला आधी विचारावे, कोणत्या.

वरील मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला. तो ऐकून, माझ्यासमोर व एकमेकांसमोर दोघांनी सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे औषध दुकानदार (सही)

साक्षीदार दुसऱ्या: निवृत्त मुख्याध्यापिका, मागच्या गल्लीत राहणाऱ्या (सही). यांनी सहीखाली स्वतःहून लिहिले आहे: "छत्रीवाला मीही पाहिला."

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: बुधवार, १४ मे, दुपारी साडेतीन.