सतराव्या मजल्यावरच्या दाराबाबत

मी, लवू सखाराम पेडणेकर, वय वर्षे सत्त्याहत्तर, निवृत्त आरेखक, मूळ राहणार सातेरी निवास, दुसरा मजला, खोली क्रमांक सव्वीस, परळ-शिवडी, सध्या मुक्काम अँटॉप हिल येथील भाड्याच्या जागेत, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही, मीही लिहीत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणावा असे माझ्याकडे एक घर सोडून काही नाही, आणि तेही अजून बांधून व्हायचे आहे.

कलम १. सन २०१६ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात लिहिले होते की माझ्या पश्चात घरात माझी पत्नी अंबिका हिने हयात असेपर्यंत राहावे आणि तिच्यानंतर ते मुलगा सुशांत याला मिळावे. सगळे असेच लिहितात. वकिलाकडे तसा मजकूर तयारच असतो, फक्त नावे घालायची. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो.

कलम २. सातेरी निवासच्या जागी पुनर्वसनाची जी इमारत उभी राहत आहे, तिच्यातील सतराव्या मजल्यावरील सदनिका क्रमांक १७०४ माझ्या पश्चात अंबिका हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावी. फक्त राहण्यापुरती नव्हे. तिने ती विकावी, भाड्याने द्यावी, दान करावी, कुलूप लावून गावी जावे, तिला वाटेल ते करावे. तिने काय करावे याबद्दल मी एकही अट घालत नाही. अट घालायची सवय मला आहे, म्हणून हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिले.

सुशांतला हे पसंत नाही. तो वाईट मुलगा नाही. दर रविवारी ठाण्याहून येतो, औषधे आणतो, माझ्या फोनमधले नको ते काढून टाकतो. त्याचे म्हणणे एवढेच की आईच्या नावावर करून काय होणार, उद्या तिच्यानंतर पुन्हा तेच कागद, तेच दाखले. "आई काय करणार त्या घराचं, बाबा?" असे त्याने मागच्या महिन्यात तिच्यासमोर विचारले. ती समोर भाजी निवडत बसली होती. त्याने प्रश्न मला विचारला होता, म्हणून ती बोलली नाही. मला त्याच वेळी कळले की हे मी त्याला शिकवले आहे. खालचे कलम मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

कलम ३. सदर निर्णयाची कारणे. वकील म्हणाले, कारणे लिहायची गरज नसते. मला आहे.

आमची चाळ धोकादायक ठरली आणि २०१९ च्या डिसेंबरात आम्ही चौसष्ट बिऱ्हाडे खाली झालो. नव्या टॉवरचा आराखडा तेव्हा ठरायचा होता. त्याच्या सभा एका शाळेच्या वर्गात होत. आम्ही साठी-सत्तरीची माणसे दुसरीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचो आणि बत्तीस मजल्यांवर वाद घालायचो. बिल्डरने विक्रीची इमारत पूर्वेला खाडीकडे ठेवली होती आणि आमची तिच्या मागे. आम्ही एक वर्ष भांडलो आणि दोन्ही इमारती तिरक्या करून घेतल्या, त्यामुळे आता आमच्या स्वयंपाकघरांतूनही शिवडीची खाडी दिसेल. प्रवेशद्वार अठरा फूट उंच हवे, नाहीतर गणपती आत येणार कसा, यावर तीन सभा गेल्या. तेही मिळाले. अध्यक्ष हितेंद्र शिरोडकर यांना खाली संगमरवरी लॉबी हवी होती, ती त्यांना मिळाली.

मला एकच गोष्ट हवी होती. प्रत्येक मजल्यावर सहा फूट रुंद मोकळी गॅलरी, चाळीत होती तशी, आणि तिच्यावर उघडणारी सगळी दारे. चौतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या इमारती कागदावर काढल्या. बंद लॉबीत समोरासमोर चार दारे आणि मध्ये लिफ्ट, यात माणसे एकमेकांना ओळखेनाशी होतात हे मी पाहिले होते. मी अकरा नकाशे काढले. अंबिका प्रत्येक सभेला येई आणि मागच्या बाकावर माझ्या नकाशांची गुंडाळी मांडीवर घेऊन बसे. मी सभेत सांगायचो की अंबिकाची उभी हयात त्या गॅलरीत गेली, तिला लॉबीत कोंडू नका. लोक तिच्याकडे वळून बघत. ती गुंडाळी सरळ करी.

गॅलरीमुळे प्रत्येक घरातली अठ्ठावीस चौरस फूट जागा जाणार होती. म्हणजे एक पलंग आणि त्याच्या बाजूने चालायची वाट. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सात माणसांनी आयुष्य काढलेल्या लोकांना मी हे सोडायला सांगत होतो. माझा शेजारी आणि चाळीस वर्षांचा मित्र वसंत राऊळ, ज्याला सगळे नाना म्हणतात, तो उठून म्हणाला, "लवू, आमका घर होया, फलाट नको." वर्ग हसला. मतदान झाले. आमच्याकडे खोली ज्याच्या नावावर त्याचाच हात वर होतो. एक्कावन्न हात लॉबीला, नऊ गॅलरीला. चार जण आलेच नाहीत.

मी हरलो होतो. तिथे थांबलो असतो तर हे कलम लिहावे लागले नसते. पण मी हरकतीचे अर्ज केले. नियम मला पाठ होते, जिन्याची रुंदी, वाऱ्याचा मार्ग, आगीची वाट, एकेक काढून मी अर्ज करत गेलो. काम चौदा महिने थांबले. मला वाटत होते मी सगळ्यांच्या भल्यासाठी लढतो आहे. त्या चौदा महिन्यांत सातेरी निवासची तीन म्हातारी माणसे भाड्याच्या घरांतच वारली. तिसरी नानाची बायको शैला. नव्या स्वयंपाकघराला कुठली लादी लावायची ते तिने ठरवून ठेवले होते, लादीचा नमुना पिशवीत घालून ती सभेला यायची.

तिच्या बाराव्याला आम्ही दोघे गेलो. नानाने मला दारातच सांगितले, "माझी शैला तुझ्या नकाशात मेली रे." आवाज चढवला नाही. मी परत फिरलो. अडीच वर्षे आम्ही बोललो नाही.

घरी आल्यावर मी अंबिकाला म्हणालो की नाना काहीही बोलो, मी हे तुझ्यासाठीच करतो आहे. ती पदराने चष्मा पुसत होती. ती म्हणाली, "तुमी माका कधी इचारल्यात?"

मग ती एवढे बोलली, जेवढे एका वेळी बोलताना मी तिला लग्नापासून ऐकले नव्हते. चाळीत दिवसा दार लावायचे नाही, हा कोणी न लिहिलेला नियम होता. दार लागले की पाच मिनिटांत कडी वाजे, कोण आजारी, काय झाले, भांडण झाले काय. पंचेचाळीस वर्षे तिने कपाटाच्या आडोशाला लुगडे बदलले. आमचा पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. सुशांतला हे ठाऊक आहे, पण एवढेच ठाऊक आहे. तेव्हा गॅलरीतल्या बायका आळीपाळीने तिच्यापाशी बसल्या, महिनाभर तिला एकटी म्हणून सोडली नाही. मी आजवर ते उपकार म्हणून सांगत आलो. ती म्हणाली, "मोरयेत नळ सोडून रडलंय मी. माका गॅलरी नको. दिवसा लावलंय तरी कोणी इचारूचा नाय, असा दार होया."

मी आरेखक माणूस. दार म्हणजे नकाशात पाव वर्तुळ काढतात, ते कुठल्या बाजूला उघडते हे दाखवायला. हजारो काढली असतील. मी त्या खोलीत तिच्याबरोबर पंचेचाळीस वर्षे राहिलो आणि ती नळ का सोडते हे मला माहीत नव्हते. मला लाज वाटली, अजून वाटते. दुसऱ्या दिवशी सगळ्या हरकती मी मागे घेतल्या. टॉवर आता चोविसाव्या स्लॅबवर आहे.

म्हणून सुशांत, घर तिचे. तू पुढे काय ते तिला विचार. माझ्या फोटोला विचारू नकोस.

कलम ४. बँकेतील ठेवी व बचत खाते अंबिका हिला. तिच्या नावाची नोंद आधीच केलेली आहे.

कलम ५. माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, जर्मन कंपासपेटी आणि शाईची पेने बिल्डरच्या आर्किटेक्ट अक्षता यांना द्यावीत. त्या माझ्या विरुद्ध बाजूला होत्या. पण माझे अकरा नकाशे पूर्ण बघितले ते फक्त त्यांनी, आणि जिन्याच्या मोजणीतली माझी एक चूक सभेत न सांगता बाहेर येऊन सांगितली. पेने आता चालत नाहीत, कोमट पाण्यात ठेवल्यास चालतील.

कलम ६. ते अकरा नकाशे रद्दीत द्यावेत. नातीला, म्हणजे आकांक्षाला, मागच्या कोऱ्या बाजूवर अभ्यास करायचा असेल तर तिने घ्यावेत. कागद चांगला आहे.

कलम ७. हितेंद्र शिरोडकर भर सभेत म्हणाले होते की आता कॉम्प्युटर आले, म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनला कोण विचारतो. याचा राग मी कोणाला देऊन जात नाही. तो माझ्याबरोबर नेतो.

कलम ८. नाना राऊळ याला काही देत नाही, कारण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असा कायदा आहे. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने आधी चहा ठेवला, मग विचारले की सही कुठे करायची. मी शैलाचा विषय काढला, तर तो म्हणाला, साखर किती. माफी मागितली आहे. मिळाली की नाही ते मला सांगता येणार नाही.

कलम ९. मला नेताना सातेरी निवासच्या जागेवरून फिरवून नेऊ नये. तिथे क्रेन आहे आणि रस्ता अर्धा बंद असतो. जवळच्या स्मशानात न्यावे, विजेवर द्यावे आणि सगळ्यांनी जेवून घ्यावे.

हस्तलिखित पुरवणी. वरील मजकूर आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी अंबिकाला वाचून दाखवला. वकिलांनी सांगितले होते की तिने सही करायची नाही, जिला मिळते तिने साक्ष द्यायची नसते. पण ऐकायला बंदी नाही. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "दारार पाटी कोणाची?"

मी म्हणालो, तुझीच. अंबिका लवू पेडणेकर.

ती म्हणाली, "अंबिका तुमी ठेवलल्यात."

हे खरे आहे. सन १९७४, वेंगुर्ला. लग्नात माझ्यापुढे तांदळाचे ताट आले आणि मी अंगठीने त्यात तिचे नवे नाव लिहिले. मला ते नाव आवडायचे. तिला आवडते का, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही आणि नंतरच्या पन्नास वर्षांत मीही नाही. आज विचारले. तिने माहेरचे नाव सांगितले. नाना आणि दुसरे साक्षीदार कोंडीराम खिडकीबाहेर बघत राहिले.

म्हणून या मृत्युपत्रात जिथे जिथे अंबिका असे लिहिले आहे, तिथे अंबिका ऊर्फ शेवंती असे वाचावे. सदनिका १७०४ च्या दारावरील पाटीवर मात्र फक्त शेवंती असे असावे.

हा मजकूर माझ्या हाताने वाढवला आहे आणि त्याखाली पुन्हा सही केली आहे.

सही: लवू सखाराम पेडणेकर

आम्हा दोघांच्या देखत लवू पेडणेकर यांनी सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: वसंत तुकाराम राऊळ (नाना), पूर्वी सातेरी निवास, खोली क्रमांक सत्तावीस
साक्षीदार २: कोंडीराम भागाजी जाधव, अँटॉप हिल, शेजारी

ठिकाण: अँटॉप हिल, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५