तांबूच्या पायाचे दोरे

मोखाडे, ता. ९ नोव्हेंबर १९१२

चिरंजीव बळवंतास जानकीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाळण्यात होतास तेव्हा आई एकदा मला म्हणाली होती की, बाईने दुखते कुठे तेवढे सांगावे, किती दुखते ते सांगू नये. मी नऊ वर्षांची होते. दाढ दुखत होती म्हणून रडत होते. इतक्या वर्षांनी ते आठवायचे कारण आपली तांबू. तिला यातले एकही सांगता येत नाही.

तांबू तुला आठवत असेलच. गेल्या शिमग्याला तुझी एक वहाण पळवली होती. यांनी तिला जामसरहून उपरण्यात बांधून आणली, त्याला सहा वर्षे झाली. जंगलखात्याच्या फिरतीवर ती यांच्या पुढे धावायची. आषाढात हे गेले आणि मला मागच्या खोलीच्या कोपऱ्यात बसवले, त्या दिवसापासून तीही माझ्या घोंगडीच्या कडेला येऊन बसली. वर्षभर कोपरा पाळायचा तो मी. तिला कोणी बसायला सांगितले नव्हते.

गणपतीपासून ती पुढचा डावा पाय उचलून चालते. मनगटाच्या वर सूज आहे. फागू रखवालदार म्हणाला, मुरगळला असेल. त्याची आई रखमी म्हणाली, पायात वारे शिरले आहे, डागले की निघेल. इथे माणसांनाही असेच डागतात, म्हणून मी हो म्हटले. विळ्याचे टोक तापवून रखमीने दोन डाग दिले. डोके मी धरले होते. तांबूने माझा अंगठा तोंडात धरला, पण दात लावले नाहीत. डाग भरले, सूज राहिली. ती डागाचीच असेल म्हणून मी तीन आठवडे वाट पाहिली. आता नुसता हात पुढे केला तरी ती पाय आखडते.

तू मुंबईत जनावरांच्या इस्पितळात आहेस, म्हणून विचारते. सोबतीला राहिलेल्या सकूआत्या म्हणतात, बळवंताला घोड्यांचेच कळते कारण तो स्वतः घोडा आहे.

मागच्या पाकिटावर माझ्या नावाआधी तू गं. भा. लिहिलेस. बरोबरच आहे ते. पण हातात घेतल्यावर वाटले, हे पत्र दुसऱ्या कोणाचे तरी आहे.

चि. सौ. वनमालेस आशीर्वाद. उत्तर सवडीने नको, लवकर लिही.

तुझी ताई


परळ, मुंबई, ता. १९ नोव्हेंबर १९१२

ती. ताईस बळवंताचा सा. न. वि. वि.

सकूआत्यांना सांग की मी घोडा असलो तरी अजून त्यांना लाथ मारलेली नाही. आणि तांबूला सांग की दुसरी वहाण मी जपून ठेवली आहे.

डागाचे मनाला लावून घेऊ नकोस. इथेही लंगड्या घोड्यांना डागतात. फक्त आमची सळई विलायती असते.

आता सांगतो तसे कर. दोन दोरे घे. एक दुखऱ्या पायाला, जिथे सूज सर्वांत फुगीर आहे तिथे गुंडाळ. दुसरा चांगल्या पायाला त्याच जागी. टोके भेटतात तिथे गाठ मार आणि दोन्ही दोरे पाकिटात घालून पाठव. पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच. मध्ये मोजू नकोस. रोज मोजणाऱ्याला वाढ दिसत नाही.

तिला उडी मारू देऊ नको. शेकू नको, चोळू नको, आणि कोणी काही लावायला सांगितले तर आधी मला लिही. तुझी स्वतःची प्रकृती कशी आहे ते तू लिहीत नाहीस. ते लिही.

माझ्यावर आहे ती माया तशीच राहू दे.

बळवंत


मोखाडे, ता. ८ डिसेंबर १९१२

चिरंजीव बळवंतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पहिले दोरे पोचल्याचे तुझे कार्ड मिळाले. सोबत दुसरे दोन आहेत. पांढरा चांगल्या पायाचा, तांबडा दुखऱ्या पायाचा.

तुझ्यापाशी एक कबूल करायचे आहे. मोजू नको म्हणालास तरी मी रोज मोजत होते. कोपऱ्यात बसून दिवसभर दुसरे काय करायचे? आठ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की दोरा रोज त्याच गाठीला पोचावा म्हणून मी तो रोज थोडा अधिक ओढत होते. तांबू मान फिरवून माझ्याकडे बघायची आणि मी गाठ जुळली म्हणून आनंदात. म्हणून हे दोरे फागूच्या बायकोकडून, पोशीकडून मोजून घेतले. कशासाठी ते तिला सांगितले नाही, त्यामुळे ती ओढतही नाही आणि सैलही सोडत नाही. तांबडा पहिल्याहून दोन बोटे लांब भरला. पोशीने आपणहून पुन्हा मोजला, तरी तेवढाच.

खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्याजवळ मी जायचे नाही. तांबू पुढचे पाय चौकटीवर टेकून उभी राहायची. तिच्या कानांवरून मला कळायचे, फागू आला की टपालवाला, की नुसती शेळी. आता ती उभी राहत नाही. बाहेर कोण आले ते आम्हा दोघींनाही कळत नाही.

माझी प्रकृती ठीक आहे. पाय जड वाटतात, ते बसून.

काय असेल ते स्पष्ट लिही. मला सांभाळून घेणारे पत्र नको.

तुझी ताई


परळ, मुंबई, ता. १५ डिसेंबर १९१२

ती. ताईस सा. न. वि. वि.

स्पष्ट लिहितो.

चारही दोरे आमच्या मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी ते टेबलावर एकाशेजारी एक लावले आणि कुत्रीचे वय विचारले. गाठ मांसात नाही, हाडातच वाढते आहे. लेप, शेक, औषध कशानेही ती थांबत नाही. एक दिवस उभ्या उभ्या ते हाड मोडेल. पाय खांद्यापासून काढणे एवढा एकच उपाय आहे. क्लोरोफॉर्म देऊन करतात, त्या वेळी तिला कळणार नाही.

पाय काढला म्हणजे रोग गेला असे नाही. पुष्कळ कुत्र्यांत तो सहा महिन्यांत, वर्षात छातीत उतरतो. आजचे दुखणे मात्र थांबते. तेवढ्यासाठी करायचे की नाही, हे तू ठरव. नको वाटले तर मी एक पुडी पाठवीन. ती झोपेतच जाईल आणि त्यात पाप नाही. मी तुझ्या जागी असतो तर काय केले असते ते विचारू नकोस. ती माझ्या घोंगडीवर बसलेली नाही.

पाठवणार असलीस तर फागूबरोबर खोडाळ्यावरून कसाऱ्यापर्यंत गाडीने पाठव. तिथून रेल्वेने मी आणीन. ती कसाऱ्याला कधी पोचेल ते मला दोन दिवस आधी पत्राने कळेल असे बघ.

तुझ्या निर्णयावर राग धरणार नाही, एवढे धरून चाल.

बळवंत


मोखाडे, ता. २७ डिसेंबर १९१२

चिरंजीव बळवंतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी कार्डाने कळवल्याप्रमाणे तांबू आज निघाली. हे पत्र टपालाने येते आहे, ती कदाचित याच्या आधी पोचेल.

मी फागूला विचारले. तो म्हणाला, वांगणीला त्याच्या आज्याची कुत्री होती, तिचा पाय फासक्यात तुटला होता. त्यानंतर तिने पाच वर्षे शेत राखले, दोनदा पिल्ले घातली आणि आज्यालाच चावली. एवढे ऐकल्यावर माझे ठरले. सकूआत्या म्हणाल्या, चावण्याचे सोडून बाकीचे खरे मानू.

गाडी अंगणात आली, पण तांबू चढेना. फागूने उचलली तर त्याच्या बाहीला लोंबकळली, आणि खाली ठेवताच तीन पायांवर उड्या मारत माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन पडली. असे तीनदा झाले. चौथ्यांदा पाय टेकला आणि ती जी ओरडली ते मी लिहीत नाही. मी उठले. सकूआत्यांनी पदर धरला, तो सुटला. भर अकरा वाजता ओटीवरून अंगणात उतरले आणि गाडीत जाऊन बसले. सहा महिन्यांनी उन्हात आल्यामुळे काही दिसत नव्हते. मी बसल्यावर तांबू आपली आपण चढायला लागली, फागूने मागून आधार दिला. माझ्या मांडीवर डोके टेकले. तिला वाटले, आम्ही दोघी निघालो. मग मला उतरावे लागले.

यांच्या जागी येणाऱ्या नव्या कारकुनासाठी या सरकारी घरातल्या सामानाची यादी करायला जव्हारहून भावोजींच्या कचेरीतला शिपाई आला होता. तो कुंपणाशी उभा होता. मला बघून त्याने मान खाली घातली. भला माणूस आहे, पण भावोजींनी विचारले तर त्याला सांगावे लागेल.

तिला पाणी पितळीतून दे, मातीच्या भांड्यात ती तोंड घालत नाही.

तुझी ताई


जव्हार, ता. ६ जानेवारी १९१३

गं. भा. जानकीस त्रिंबकचे आशीर्वाद. विशेष लिहिणे ते असे.

तू कोपरा सोडून अंगणात आल्याचे समजले. शिपायाला गप्प राहण्यास बजावले आहे. धाकटा भाऊ जाऊन वर्षही झाले नाही. त्याच्या बायकोबद्दल कचेरीत बोलले जावे असे मला वाटत नाही. पुन्हा असे होऊ नये.

नवा कारकून फाल्गुनात येत आहे, तेव्हा घर रिकामे करावे लागेल. पडदे लावलेली गाडी पाठवीन. कोपऱ्याचे उरलेले दिवस आपल्या इथल्या घरी काढावे आणि पुढेही इथेच राहावे. तुझ्या थोरल्या जाऊबाईंना हाताशी माणूस हवेच आहे. तुझी आबाळ होणार नाही.

चि. मथूचे लग्न वैशाखात योजले आहे. व्याह्यांकडची माणसे येत-जात असतात. अशा घराच्या दारात पाय तुटलेले जनावर चालणार नाही, हे तुलाही पटेल. कुत्री फागूला देऊन टाकावी. मनात आकस ठेवून लिहीत नाही, हे समजून असावे.

त्रिंबक


परळ, मुंबई, ता. १४ जानेवारी १९१३

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन तारखेला पाय काढला. दीड तास लागला. मी डोक्यापाशी होतो. काढलेले हाड डॉक्टरांनी मला दाखवले, आतून भिजलेल्या लाकडासारखे झाले होते. आणखी पंधरा दिवस टिकले नसते. त्या डागामुळे काही बिघडलेले नाही हे मी मुद्दाम विचारून घेतले. आता तो विषय पुरे.

तिसऱ्या दिवशी ती उठली आणि पडली. तिने माझ्याकडे असे बघितले, जणू मीच ढकलले. पुन्हा उठली. पाचव्या दिवशी तबेल्याच्या टोकापर्यंत गेली आणि तिथे एका साहेबाच्या रेशमी कुत्र्यावर गुरगुरून आली. कसाऱ्याहून परत न फिरता फागू आमच्याबरोबर इथवर आला, तो तिला सोडून हलत नाही. समुद्र दाखवायला नेतो म्हटले, तर म्हणाला, तांबू चालायला लागली की दोघे मिळून बघू. डॉक्टर टाके बघायला आले की तो त्यांना हळू, हळू म्हणून दटावतो आणि ते ऐकतात.

वनमालेने आधी तोंड वाकडे केले होते. आता रोज भात कालवून देते. बोंबिलाचा वास आला की माझ्याआधी ताट कोणाचे, हे मी विचारत नाही.

त्रिंबकरावांनी लिहिलेले तू कळवलेस. तांबूला इथेच ठेवावी असे फार वाटते, पण आमची एकच खोली आहे आणि मालकाने इस्पितळाचा वास येतो म्हणून मलाच दोनदा हटकले आहे. तुलाही इथे आण म्हणण्याची माझी ऐपत नाही. हे लिहिताना लाज वाटते.

महिनाअखेर ती निघेल. खोकला आला तर लगेच लिही. खोकला आला म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

तुझा, काही उपयोगी न पडणारा भाऊ
बळवंत


मोखाडे, ता. १२ फेब्रुवारी १९१३

तीर्थस्वरूप भावोजींच्या चरणी जानकीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपले पत्र मिळून महिना झाला. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. अंगणात आले ते चुकलेच. आपण शिपायाला गप्प केले, याचे मोल मी जाणते.

तांबू परत आली. उंबऱ्यावर थांबली, माझा वास घेतला आणि आपल्या जागी येऊन बसली. दुखत नाही हे तिच्या झोपेवरून कळते. ती आता पोट वर करून झोपते. उठताना तोल जातो, तेव्हा भिंतीला अंग टेकते. सकूआत्यांनी स्वतःची धाबळी त्या भिंतीशी घडी करून ठेवली आहे आणि विचारले तर म्हणतात, ती धुवायला काढली आहे.

ती फागूला द्यावी असे आपण लिहिले. मी दिली होती. आठ दिवसांपूर्वी पोशी तिला आपल्या घरी घेऊन गेली. तीन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही. चौथ्या दिवशी दाव्याला हिसके देऊन भरत आलेली जखम उसवली. फागू दिवसभर रानात असतो, त्याचा दोष नाही. तो तिला पुन्हा इथे आणून ठेवून गेला. काल सकाळी ती दोनदा खोकली. भाताचे शीत अडकले असेल असे मी पोशीला सांगितले. बळवंताला अजून लिहिलेले नाही.

भावोजी, तिचे फार दिवस उरलेले नाहीत. किती, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. आपल्या घरी गोठ्याला लागून गवताची खोली आहे. तिला खिडकी नाही हे मला ठाऊक आहे. ती मला द्यावी. तिचे दार मागे उघडते, पाहुण्यांना दिसत नाही. मथूच्या लग्नात मी बाहेर येणार नाही. अक्षता आतूनच टाकीन. तांबू भुंकणार नाही, माझा हात तिच्या तोंडावर असेल. जाऊबाईंची दळणे, निवडणे, शिवणे जे काही बसून होईल ते सगळे मी तिथे करीन.

आपण नाही म्हणाल. सकूआत्या म्हणतात, विचारूच नको, विचारले की नकार अंगाला चिकटतो. आपल्या जागी लग्नाघरचा दुसरा कोणीही नाहीच म्हणेल, हे मला दिसते. तरी लिहिले नाही तर मी तिच्यासाठी काहीच केले नाही असे होईल.

वडीलधाऱ्यांसमोर हट्ट धरणारी म्हणून माया कमी होऊ देऊ नये. आषाढात माझे वर्ष संपते. तांबूचे संपेपर्यंत मला कोपऱ्यातच राहू द्यावे, आणि तिला माझ्यापाशी.

आपली आज्ञाधारक
जानकी